बंद करण्यापुरती परवानगी

सुरक्षा प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या तयारीसाठी नाव नोंदवलं त्या संध्याकाळी मंडळाच्या यंत्राने कस्तुरीला एकच खासगी प्रश्न विचारला. कोणाचा फोन आला तर तुम्हाला 'नाही' म्हणणं सगळ्यात जड जाईल?

तिचा नवरा राजशेखर शेजारीच चहा घेत बसला होता. आपलंच नाव येणार हे तो धरून चालला होता. थोडी थट्टा करायची असंही त्याने मनात ठरवलं होतं. कस्तुरीने प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "मल्लिकार्जुन कोरे. माझा भाऊ."

राजशेखरने दोन्ही कप उचलले आणि तो आत गेला.

त्याला नवल वाटणं साहजिक होतं. या भावाशी ती तीन वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी कस्तुरी याच परीक्षेच्या पहिल्या टप्प्यासाठी पुण्याला गेली होती आणि नेमक्या त्याच सकाळी तासगावात तिचे वडील गेले. अण्णा या भावाकडे, मल्लूदादाकडेच राहत. मल्लूदादाने तिला कळवलं नाही. पोरीचा पेपर आहे, तिला मधेच उठवायचं नाही, असं म्हणून त्याने बाकीच्यांनाही थांबवलं. पेपर देऊन बाहेर आल्यावर तिने फोन चालू केला आणि चुलत भावाचा निरोप वाचला. ती तासगावात पोचली तोवर माती झाली होती. तिने चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच विचारलं, "हे ठरवणारा तू कोण?" आणि आल्या पावली परत फिरली. पेपर मात्र उत्तम गेला होता, हे तिला नंतर फार लागलं.

गंमत अशी, की या तीन वर्षांत ती भावाला रोज 'बघत' होती. मल्लूदादा तासगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्रखोलीचा ऑपरेटर होता आणि त्या पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या जाळ्यांची राखण सांगलीतल्या ज्या सुरक्षा कक्षातून व्हायची, तिथे कस्तुरी बसायची. सकाळी त्याने पॅनेल सुरू केलं की तिच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा. दादा कामावर आला, एवढं तिला कळायचं.

तिचं काम होतं फायरवॉलचं. फायरवॉल म्हणजे जाळ्याच्या वेशीवरचा राखणदार. जुन्या काळातला राखणदार फक्त पाकिटावरचा पत्ता बघून आत सोडायचा. त्याच्यानंतरचा पाकीट फोडून आतला मजकूर वाचायला शिकला. कस्तुरीच्या हाताखालचा राखणदार माणसांच्या आणि यंत्रांच्या सवयीच पाठ करायचा. कोण केव्हा बोलतं, किती बोलतं, कोणाशी बोलतं, हे तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवायचा आणि कोणी सवय सोडून वागलं की विचारत न बसता दार लावायचा. अशा राखणदाराला फसवणं चोरांना जमेना. तेव्हा त्यांनी त्याचा नाद सोडला आणि ज्याच्या हाती किल्ली, त्या माणसालाच गाठायला सुरुवात केली. आवाजाची हुबेहूब नक्कल करणं तोवर पोरखेळ झालं होतं. साहेबाच्या आवाजात, बायकोच्या आवाजात फोन यायचे, गयावया व्हायची, आणि चांगले अनुभवी इंजिनिअर आपल्या हाताने दार उघडून द्यायचे.

म्हणून परीक्षा मंडळाने नवा भाग आणला. लेखी आणि प्रात्यक्षिकाच्या आधी प्रत्येक उमेदवारामागे एक यंत्र सोडायचं. मंडळ त्याला 'प्रतिपक्ष' म्हणायचं, उमेदवार त्याला वैरी म्हणायचे. परीक्षेच्या दिवसापर्यंत वैऱ्याने कधीही, कसाही हल्ला करावा. जवळच्या एका माणसाचा आवाज त्याला उसना मिळे, अर्थात त्या माणसाच्या संमतीने. खातरजमा न करता त्याचं एकदा ऐकलंत तर ताकीद, दुसऱ्यांदा ऐकलंत तर वर्षभर परीक्षा बंद. आणि नव्या नियमाप्रमाणे त्या उन्हाळ्यानंतर प्रमाणपत्र नसलेल्याला कक्षात बसता येणार नव्हतं.

मल्लूदादाकडे संमतीची विचारणा गेली. त्याने काही मिनिटांतच होकार पाठवला. का, कशाला, काही विचारलं नाही. कस्तुरीने जपून ठेवलेले त्याचे जुने आवाजी निरोप यंत्राला दिले. ते आपण का जपून ठेवले होते, याचा विचार तिने केला नाही.

वैऱ्याने तिला पहिल्याच आठवड्यात पाडलं. ती मंडईत भाजी घेत असताना फोन आला. दादाचाच आवाज, दादाचंच ते शब्दाआधी किंचित थांबणं. अण्णांच्या नावचे काही कागद निघालेत, म्हणाला, तुझ्या फोनवर आकडा आलाय तेवढा सांग. तीन वर्षांनी तो आवाज ऐकून तिचे डोळे भरून आले आणि तिने आकडा सांगून टाकला. दुसऱ्या क्षणी एक सपाट आवाज बोलू लागला. पहिली चूक नोंदली गेली आहे. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून ती घरी आली आणि त्या दिवसापासून बदलली.

घरात तिने खुणेचे शब्द ठरवले. राजशेखर पॉलिटेक्निकमधून फोन करायचा, तर ती आधी शब्द विचारायची, मग बोलायची. शब्द रोज बदलायचा. एकदा तो विसरला, तर तिने फोन ठेवून दिला आणि तो अर्धा तास बसस्टँडवर तिची वाट बघत उभा राहिला. तो भांडला नाही. पण हळूहळू त्याने फोन करणंच कमी केलं. उशीर होणार असला तरी कळवेनासा झाला. जेवताना एकदा इतकंच म्हणाला, "तू पास होशील याची मला खात्री आहे. पुढे काय, ते कळत नाही."

तिला शिकवणाऱ्या इंगवले मॅडम या क्षेत्रात केस पिकलेल्या बाई होत्या. त्यांनीही तिला सांगून पाहिलं. पहिल्या चुकीनंतर तुमची वही कोरी आहे, एकही हल्ला आत आला नाही, हे चांगलं. पण आत यायला हवं होतं असं किती अडवलंत, ते वैरी मोजत नाही. त्याला फक्त स्वतःचे फोन ठाऊक असतात. सगळंच अडवायचं तर फायरवॉल कशाला हवी, वायर उपटून ठेवली तरी पुरे. कस्तुरीने ते ऐकलं, लिहूनही घेतलं. पण गुण कशाला आहेत, ते तिला माहीत होतं.

वैरी मात्र थकत नव्हता. तो दादाच्या आवाजात रागवायचा, विनवायचा, खोकायचा. एकदा त्याने सांगितलं की कोल्ड स्टोरेजचं पॅनेल अडकलंय, मागचं दार जरा उघड, नाहीतर माझी नोकरी जाईल. तिने नियमाप्रमाणे फोन कापला आणि नोंदलेल्या नंबरवर उलटा फोन लावला. कोणी उचलायच्या आतच सपाट आवाजाने सांगितलं, हल्ला परतवला. तिला आनंद झाला. दादाला नाकारल्याचा आनंद होतोय, हे मनात येताच ती उठून तोंड धुऊन आली.

मग अण्णांची पुण्यतिथी आली. त्या सकाळी पुन्हा फोन. "कस्तुरे, यंदा तरी येतीस का? पुरण घातलंय." ती हसून म्हणाली, "आज चांगला दिवस धरलास रे, यंत्रा," आणि तिने फोन कापला. या वेळी सपाट आवाज आला नाही. तिच्या ते लक्षात आलं. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग वैऱ्याची ही नवी युक्ती असेल असं मनाला सांगून ती कामावर गेली.

परीक्षा दहा दिवसांवर आली असताना ते घडलं. भर दुपार होती. कक्षात कस्तुरी आणि शेजारच्या टेबलावर नौशाद, असे दोघंच. जेवणाच्या आधी राखणदाराने तिला एक सूचना दिली होती. मल्लूदादाच्या कोल्ड स्टोरेजमधून माहितीचा भलताच लोंढा येतोय, सवयीच्या कैक पट, हल्ला दिसतो, त्या जागेला जाळ्यापासून तोडलं आहे, मान्य? तिने मान्य केलं होतं. असे लोंढे म्हणजे दार फोडायची जुनीच रीत. एकदा तोडलं की तिथलं पॅनेल कोणाचीच आज्ञा घेत नाही, आतल्या माणसाचीही नाही. तसाच नियम होता.

ती डबा धुऊन आली आणि फोन वाजला.

"कस्तुरे, पॅनेल सोड." आवाज फाटलेला होता. मागे खोकल्याची उबळ. "गॅस सुटलाय. अमोनिया."

तिने फोन कापला. नोंदलेल्या नंबरवर उलटा लावला. तो व्यस्त. ऑफिसच्या फोनची घंटा नुसती वाजत राहिली. पडद्यावर वायूमापकाचा आकडा शून्य दाखवत होता. पण लोंढा वेशीवरच अडला होता आणि हा त्याच्याही आधीचा गोठलेला आकडा आहे, हे तिच्या ध्यानात आलं. आता तिथून काहीच येत नव्हतं, खरं नाही आणि खोटंही नाही.

फोन पुन्हा वाजला.

धापा टाकत, तुटक तुटक त्याने जे सांगितलं ते असं. टाकीजवळचा पाइप फुटलाय. कॉम्प्रेसर त्याने बटन दाबून बंद केला, पण टाकीत दाबाखालचा द्रव भरलेला आहे, तो येतच राहणार. मुख्य व्हॉल्व्ह हाताने फिरवायला तो दोनदा आत गेला, ओला टॉवेल तोंडाला बांधून, पण पोचता आलं नाही. बाहेरच्या पॅनेलवरून व्हॉल्व्ह बंद होतो, तर पॅनेल कुलूप दाखवतंय. वरच्या मजल्यावर बेदाणा निवडणाऱ्या बायका आहेत आणि जिना यंत्रखोलीवरूनच खाली येतो.

"दादा, तूच आहेस कशावरून?"

"मागल्या खेपेला पण यंत्र म्हणालीस मला," तो म्हणाला. "पुरणाच्या दिवशी."

म्हणजे पुरणाचा तो फोन खरा होता. तेवढ्यातच मनातल्या दुसऱ्या कोपऱ्याने तिला बजावलं, की ते वैऱ्यालाही ठाऊक असणार. फोन त्याचाच असेल तर तेव्हाचं बोलणं त्याच्याकडे आहेच. ही वाक्यं, हा खोकला, हे पॅनेलचं कुलूप, सगळं तो आधी वापरून बसला होता. दुसरी चूक म्हणजे परीक्षा गेली, खुर्ची गेली. आणि तो वैरी नसून खराखुरा चोर असेल, तर त्याच्या हाती पॅनेल दिल्यावर तो दुसरा एखादा व्हॉल्व्ह उघडून खरोखरच गॅस सोडू शकेल. भलत्याला पॅनेल दिलं म्हणजे तिनेच माणसं मारली असं होईल.

नौशाद खुर्ची ओढून जवळ आला होता. तिने त्याला अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं. खोटं निघालं तर फार तर बोलणी खावी लागतील. तो नंबर फिरवता फिरवता म्हणाला, "वहिनी, हा वैरीच असणार. दहा दिवस राहिलेत. त्याला हेच पाहिजे."

तो हे बोलत असताना तिला एकदम उमगलं, की आपण इतका वेळ चुकीचा प्रश्न सोडवतोय. बोलणारा खरा की खोटा, हे तिला या घटकेला कळणार नव्हतं. कितीही विचार केला तरी कळणार नव्हतं. पण तो मागतो त्यातलं किती दिलं तर काय होईल, हे कळण्यासारखं होतं. व्हॉल्व्ह बंद झाला आणि माणूस खोटा असला, तर काय होईल? खोल्या तापतील. बेदाणा काळा पडेल, मालक आकाशपाताळ एक करतील. एवढंच. कोणी मरणार नाही. आणि माणूस खरा असला तर बायका जिन्यावरून उतरतील. उघडण्याची आज्ञा मात्र कोणालाच द्यायची नाही, सख्ख्या भावालाही नाही.

कक्षातून व्हॉल्व्ह फिरवता येत नसे, आज्ञा जाऊ द्यायची की अडवायची एवढंच तिच्या हाती होतं. तिने राखणदाराला नियम लिहायला घेतला. त्या पॅनेलकडून आलेली एकच आज्ञा पुढे जाऊ दे. मुख्य व्हॉल्व्ह, आणि तीही फक्त 'बंद'. त्यासोबत हवा बाहेर फेकणारे पंखे, फक्त 'चालू'. बाकी काही आलं तर तिथेच गाड. एक अक्षर चुकलं, ते खोडून पुन्हा लिहिलं. राखणदाराने विचारलं, मागणाऱ्याची ओळख पटली आहे का? याचं उत्तर नोंदीत कायमचं राहणार होतं. तिने 'नाही' दाबलं. तरीही परवानगी द्यायची? तिने अंगठा टेकवला.

"दादा, व्हॉल्व्ह बंद कर. बाकी कशाला हात लावलास तर चालणार नाही."

फोनवर काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

पडद्यावर व्हॉल्व्हची खूण बराच वेळ 'उघडा' दाखवत राहिली. मग ती पिवळी झाली, म्हणजे आज्ञा पोचली होती. मग लाल, बंद. पाठोपाठ पंखे सुरू झाल्याची खूण आली. उघडण्याचा प्रयत्न कोणीही केला नाही.

तेव्हा तिने आणखी एक फट उघडली, फक्त ऐकण्यापुरती. वायूमापकांचे आकडे आत येऊ दिले. ते असे धो धो आले की पडद्याला दम लागला. प्रत्येक मापक सेकंदाला शंभरदा तेच सांगत होता. जेवणाच्या आधीपासून सांगत होता. पाइप आधी बारीक पाझरत असणार, मापकांनी जिवाच्या आकांताने कळवायला सुरुवात केली असणार, आणि ते सवयीपेक्षा जास्त ओरडतायत म्हणून राखणदाराने त्यांचं तोंड दाबलं. आणि 'मान्य' तिने म्हटलं होतं.

सपाट आवाज शेवटपर्यंत आला नाही.

बायका सगळ्या खाली उतरल्या. चौघींचे डोळे जळले होते, पण दृष्टी गेली नाही. मल्लूदादा पॅनेलपाशीच पडलेला सापडला. सांगलीच्या इस्पितळात दोन दिवस तो श्वासाच्या नळीवर होता. कस्तुरी ते दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होती. राजशेखर डबा घेऊन यायचा, आणि ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहायचा. पहिल्या रात्री ती त्याला म्हणाली, की पुण्यतिथीचा फोन खरा होता. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. पण तुला सांगायला खुणेचा शब्द आठवत नव्हता." ती रडली, तेव्हा त्याने डब्याचं झाकण लावून ठेवलं आणि तिचा हात धरला.

मंडळाकडून कळलं की त्या दुपारचा फोन त्यांच्या यंत्राचा नव्हता, म्हणून तिच्या नावावर चूक धरलेली नाही. तिने त्यांना उलट कळवलं, की ओळख न पटवता मी दार किलकिलं केलं होतं आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन, हे माझ्या नोंदीत असू द्या. जागा तोडायला दुपारी मीच मान्यता दिली होती, तेही तिने लिहिलं. इंगवले मॅडमनी तो नियम मागवून घेतला आणि पुढच्या वर्गाला शिकवायला ठेवला. परीक्षा ठरल्या दिवशी झाली. ती बसली आणि पास झाली. त्या दिवशी मात्र तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं, कारण इस्पितळातून काही कळलं तर पेपर सुरू असला तरी मला उठवा, असं तिने केंद्रावर आधीच सांगून ठेवलं होतं.

दादा वाचला. त्याचा आवाज मात्र वाचला नाही. स्वरयंत्र वायूने भाजलं होतं. जे उरलं ते कोरड्या पानावरून पाय ओढल्यासारखं, आणि डॉक्टरांच्या मते त्यात फार फरक पडणार नव्हता.

आता वैऱ्याकडे मल्लूदादाचा धडधाकट आवाज शिल्लक होता, चार जुने निरोप सोडले तर जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. नियमाप्रमाणे परीक्षेनंतर उसना आवाज पुसायचा असतो. मंडळातल्या एका भल्या माणसाने आपणहून सुचवलं, की मालकाने मागितला तर तो त्याच्या स्वाधीन करता येईल. गळ्याशी बसणारं छोटं यंत्र मिळतं, ओठ हलवले की ते जुन्या आवाजात बोलतं. कस्तुरीला केवढा तरी भार उतरल्यासारखं वाटलं. ती तशीच तासगावला गेली.

या खेपेला तिने चपला काढल्या. मल्लूदादा ओसरीवर खुर्चीत बसला होता. तिने त्याला मंडईतल्या फोनपासून सगळं समजावून सांगितलं आणि ऐकून बघ म्हणून मंडळाने पाठवलेला तुकडा फोनवर लावला. ओसरीवर दादाचा भरदार आवाज घुमला. तो तिला हाक मारत होता, खुशाली विचारत होता. मल्लूदादाने मान कलती करून ते सगळं ऐकलं, दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं ऐकावं तसं. संपल्यावर त्याने हाताने खूण केली, बंद कर.

"पुसू दे त्यांना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तिने विचारलं, असं का? यंत्र चांगलं आहे, सवय होईल, लोकांशी बोलता येईल.

त्याने पाण्याचा घोट घेतला. प्रत्येक शब्द खरवडून काढावा लागत होता, तरी तो घाई न करता बोलला. "त्या आवाजाला तू एकदाच दार उघडलंस, ते पण फसून. रडलीस पण. ह्या फाटक्या आवाजाला दार उघडलंस ते ओळख न पटता." त्याने आणखी एक घोट घेतला. "ऱ्हाऊ दे हाच."

कस्तुरीने फोन उचलला. तिने मंडळाला तिथेच बसून होकार कळवला. थोड्या वेळाने आवाज पुसल्याची पोच आली.

"अण्णांच्या वेळी मी कळवायला पाहिजे होतं," मल्लूदादा म्हणाला. "चुकलं माझं. तेवढं सांगायलाच केला होता फोन, पुरणाच्या दिवशी."

ती म्हणाली, "सांग मग. सगळं सांग. शेवटी काय म्हणाले, कोण कोण होतं."

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली, घसा खाकरला आणि त्या सकाळपासून सांगायला सुरुवात केली. मधेमधे आवाज अगदीच बसायचा. तेव्हा ती उठून त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकायची.